राखेची वाट

कॅल्युमेट, मिशिगन
१२ नोव्हेंबर १९४४

चि. रेनो यास हिल्जाताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं सप्टेंबरातलं पत्र परवा हाती आलं. सेन्सॉरने त्यात इतक्या खिडक्या पाडल्या आहेत की बाबा ते दिव्यासमोर धरून म्हणाले, पोरगं सैन्यात जाळीकाम शिकतंय वाटतं. उरल्यासुरल्या कागदावरून एवढं कळलं की तू जिवंत आहेस, तुझे मोजे ओले आहेत आणि तुमच्या पलटणीने एका नदीवर पूल बांधला. कुठली नदी ते कापलंय. बाबांनी नकाशावरच्या सगळ्या नद्यांवरून बोट फिरवलं आणि शेवटी म्हणाले की नदी कुठलीही असेना, खांब ताठ उभा राहिला म्हणजे झालं.

इथे बर्फ यंदा लवकर आला. गोठ्याकडची वाट मी रोज उपसते आणि ती रोज बुजते. बाबांची छाती पूर्वीसारखीच, म्हणजे वाईट. उभं आयुष्य खाणीत लाकडाचे टेकू ठोकण्यात गेलं, तिथली सगळी धूळ आत साठवून आणलीय त्यांनी. दोन पायऱ्या चढले की भिंतीला टेकतात, आणि मी बघतेय असं दिसलं की भिंतीचा रंग तपासल्यासारखं करतात. डॉक्टरांनी सौनातली दगडांची वाफ घेणं बंद करा म्हणून सांगितलं, तर यांनी डॉक्टरच बंद केला.

आता खरी बातमी. हसायचं नाही. उन्हाळ्यात मी कुणाला न सांगता मार्क्वेटच्या नर्सिंगच्या शाळेत अर्ज केला होता. युद्धामुळे सरकार फुकट शिकवतंय, राखाडी गणवेशही देतंय. त्यांनी मला घेतलं! मार्चमध्ये वर्ग सुरू होतो. समोरच्या लेम्पीमावशीला सांगितलं, तर ती म्हणाली की एकतिसाव्या वर्षी त्या अठरा वर्षांच्या पोरींत बसलीस तर लोक तुलाच त्यांची वॉर्डन समजतील. बाबांना सांगायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा त्यांना खोकल्याची उबळ आली होती. ती थांबली, मी कॉफी ओतली, आणि सांगायचं राहिलंच.

आई गेली तेव्हापासून मी या घरात आहे. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. पेपरात लिहितात की नाताळपर्यंत सगळं संपेल. तू लवकर ये, मग मी जाते. या घरातून एका वेळी एकालाच बाहेर पडता येतं असं दिसतंय, आणि पहिला नंबर तू लावलास.

मोजे पाठवले आहेत. लोभ आहे तो दाट ठेव, पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
हिल्जाताई


बेल्जियममध्ये कुठेतरी
२ डिसेंबर १९४४

ती. हिल्जाताईस, सा. न. वि. वि.

मोजे पोचले. एक दुसऱ्यापेक्षा लांब आहे, त्यावरून दुसरा विणताना तुझं बाबांशी वाजलं होतं हे ओळखलं.

आमची पलटण नेमकं करते काय, असं बाबा विचारतात. त्यांना सांग, दोनच कामं. आपलं सैन्य पुढे जात असेल तर त्याच्यासाठी रस्ता करायचा, आणि मागे येत असेल तर तोच रस्ता मोडायचा. जूनमध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावर वाळूत उतरलो ते पोटावरच. सळईने जमीन टोचत, सुरुंग शोधत पुढे सरकलो. मग पूल. फ्रान्सभर पूल. लोखंडी तुकडे खांद्यावर वाहायचे, जोडायचे, पलीकडे ढकलायचे, आणि पलीकडचे लोक तोवर आपल्यावर गोळ्या झाडणार. पायदळवाले एरवी आम्हाला हमाल म्हणतात. सुरुंग दिसला की मात्र साहेब म्हणतात.

सध्या मी मजेत आहे, अगदी शपथेवर. इथे आघाडी झोपलेली आहे. दाट जंगल आहे, आणि हिवाळ्यासाठी झोपड्या बांधायच्या म्हणून आमच्या तुकडीकडे एक लाकडं कापायची गिरणी दिलीय. तिचा मुकादम मी! भुशाचा वास आला की आपल्या घराच्या मागे उभा आहे असं वाटतं. माझा जोडीदार अल्सीद गिड्री लुइझियानाचा. याने जन्मात बर्फ पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी त्याने बर्फाला बोट लावलं आणि भाजल्यासारखं मागे घेतलं. पण घरी फ्रेंच बोलतो, त्यामुळे आमची सोय झालीय.

आम्ही चौघं एका शेतावर उतरलोय. लांबेर्तीन कोलिन्यों नावाची बाई एकटीच राहते. नवऱ्याला जर्मनांनी दोन वर्षांपूर्वी मजुरीला धरून नेलं, तेव्हापासून खबर नाही. एक गाय आहे, तिचं नाव मार्कीझ, म्हणजे सरदारीण. थाटही तसाच. बाईची जीभ चांगलीच चालते. अल्सीदला म्हणते की चुलीच्या इतक्या जवळ बसू नकोस, मी चुकून मीठ घालीन.

शाळेची बातमी वाचून मी गिरणी थांबवून सगळ्यांना सांगितलं. तू जाच. माझी वाट पाहत बसलीस तर मला इथे दुप्पट ओझं होईल. बाबांचं मी बघतो, त्यांना वेगळं लिहितो. ते माझंही ऐकणार नाहीत, पण दोघांचं न ऐकायला त्यांना दम पुरणार नाही.

मायेची ऊब असू दे, मोज्यांपेक्षा तीच पुरते.

तुझा,
रेनो


कॅल्युमेट
३० डिसेंबर १९४४

चि. रेनो यास आशीर्वाद.

तुझं गिरणीचं पत्र नाताळच्या आदल्या दिवशी आलं. झोपलेल्या आघाडीबद्दल वाचलं, आणि त्याच टेबलावर त्याच दिवशीचा पेपर होता. त्यात तुझं जंगल होतं. जर्मन त्यातून घुसलेत असं लिहिलंय.

तेव्हापासून रेडिओ बंद होत नाही. बाबा त्याच्यासमोर बसतात. आम्ही त्याविषयी बोलत नाही. ते लाकूड संपलं का विचारतात, मी नाही म्हणते. बर्फ खालच्या खिडक्यांवर चढलाय, त्यामुळे दिवसाही दिवा लागतो. दार उघडलं की समोर पांढरी भिंत. मी फावड्याने ती फोडते ती फक्त गोठ्यासाठी, आणि रस्त्यापर्यंतची वाट मोकळी करताना, खरं सांगू, हात थांबतो. तारवाला त्याच वाटेने येईल असं वाटतं.

लेम्पीमावशी काल गोड पाव घेऊन आली. म्हणाली, एवढं खाणारं पोरगं सहजासहजी मरत नाही, त्याला जेवायला परत यावंच लागतं. मला हसूही आलं आणि तिला ढकलून द्यावंसंही वाटलं.

दोन ओळी लिही. खिडक्या पाडलेल्या असल्या तरी चालतील.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
हिल्जाताई


कॅल्युमेट
१७ जानेवारी १९४५

रेनो,

आशीर्वाद लिहायला पेन उचललं आणि ते कुणाला लिहायचे ते कळेना. तरी लिहितेच. आशीर्वाद.

तार आली. बेपत्ता, एवढंच. कधीपासून ते आहे, कुठे ते नाही. बाबा तळघरात ढलप्या फोडत होते, म्हणून मी ती ॲप्रनच्या खिशात घातली आणि बटाटे सोलायला बसले. जेवताना त्यांनी मान वर न करता विचारलं की ती तू वाचून दाखवतेस की मी चष्मा आणू. तळघराचा झरोका उपसलेल्या वाटेकडे आहे, त्यातून त्यांनी त्या माणसाचे बूट पाहिले होते.

वाचून दाखवली. ते म्हणाले, बेपत्ता म्हणजे अजून सापडलेला नाही, त्याच्यापुढे त्यात काही नाही. खाणीत दरड बसली की आम्ही असंच म्हणायचो आणि खणायला लागायचो. मग उठले आणि सौना तापवायला गेले. सौनाचा शनिवार नव्हता. मी दाराबाहेर बर्फात उभी राहिले आणि त्यांचा श्वास ऐकत राहिले. बराच वेळ आत नुसतं पाणी दगडावर पडत होतं.

मार्क्वेटला मी नाही म्हणून कळवलंय. तुला राग येईल. ये, आणि समोर बसून रागाव.

हिल्जाताई


लष्करी इस्पितळ, इंग्लंड
२ फेब्रुवारी १९४५

ती. बाबांस व ती. हिल्जाताईस, सा. न.

अक्षर माझंच आहे आणि हात दोन्ही शाबूत आहेत. डावा पाय गुडघ्याखाली नाही. हे वाक्य लिहून खोडत बसलो होतो, तेव्हा नर्स म्हणाली की एकदाच लिहा आणि पुढे चला. म्हणून पुढे चालतो.

डिसेंबरात तो हल्ला आला तेव्हा आम्हाला हुकूम मिळाला की गिरणी सोडा आणि रस्ता अडवा. लांबेर्तीनबाईंचं शेत रस्त्याच्या वळणावरच. आम्ही झाडं आडवी पाडली, रस्त्यात आणि समोरच्या उतारावर सुरुंग पेरले. तेवढ्यात कळलं की शत्रूचे रणगाडे वळसा घालून मागे गेलेत. तेव्हा आमचे लेफ्टनंट विन्स्लो म्हणाले की घरामागचं कुरणही पेरा. ते काम दुसऱ्या तुकडीने केलं, आम्ही तेव्हा रस्त्यावर होतो. माणसांसाठी असतात ते सुरुंग, गवतातून बारीक तार ताणलेले. कुठे काय ठेवलं त्याचा नकाशा लेफ्टनंटने काढला, दुसरी तुकडी ट्रकमधून गेली, आणि तेही आणखी सुरुंग आणायला जीपने निघाले. दुपारपर्यंत येतो म्हणाले. वळणावरच त्यांच्या जीपवर गोळा पडला. आमच्या डोळ्यांसमोर जीप जळली, ते जळले आणि नकाशाही.

मग बर्फ पडला. सगळं सपाट पांढरं झालं.

आता चित्र डोळ्यांसमोर आणा. घरात मी, अल्सीद, डूली आणि पेक नावाची दोन पोरं, आणि लांबेर्तीनबाई. समोर आमचेच सुरुंग आणि त्यांच्यापलीकडे जर्मन. मागे आमचेच सुरुंग आणि त्यांच्यापलीकडे जंगल, जिथे बहुधा आपली माणसं. स्वतःला इतक्या मेहनतीने कुणी कोंडून घेतलं नसेल. बाईंनी अल्सीदकरवी मला विचारलं, सगळीकडे पेरून ठेवलंत ते ठीक, आता उगवणार काय?

जर्मनांनी घरावर काही गोळे टाकले, घर गप्प आहे असं पाहिलं आणि ते रस्ता सोडून पुढे गेले. पण त्या गोळ्यांत खिडकीची फळी ओढून घेताना अल्सीदच्या मांडीत तुकडा शिरला. नाताळ आम्ही तळघरात काढला. बटाटे, सफरचंदं आणि मार्कीझचं दूध. धूर दिसू नये म्हणून धुकं असेल तेव्हाच चूल पेटवायची. बाबा, छत इतकं बुटकं होतं की वाकून वाकून मान दुखायची, आणि मी पहिल्यांदाच विचार केला की तुम्ही एवढी वर्षं कसं काढलंत. अल्सीदची जखम काळी पडली. तिचा वास सगळ्यांना यायचा आणि सगळे बटाट्यांना नावं ठेवायचे.

शेवटी पेक म्हणाला की गाईला पुढे हाकलू, ती जाईल त्या वाटेने आपण जाऊ. बाईंना इंग्रजी येत नाही. पण तो गोठ्याच्या दाराकडे बघत बोलला, तेवढ्यावरून त्या समजल्या. गवत उचलायचा लोखंडी काटा घेऊन दारात उभ्या राहिल्या. म्हणाल्या, घोडा त्यांनी नेला, नवरा त्यांनी नेला, शेत तुम्ही घेतलंत. हिच्या दुधावर मी जगतेय आणि तो तुमचा माणूसही. हिला हात लावायचा तर आधी माझ्यातून जा. अल्सीद तापात होता, तरी भाषांतर करताना त्याने एक शब्द गाळला नाही, उलट चार शिव्या पदरच्या घातल्या.

मी गाय नको म्हटलं. दया आली म्हणून, असं लिहायला मला आवडेल. पण पेकच्या आधी तो विचार माझ्याच मनात येऊन गेला होता. नको म्हटलं ते अशासाठी की गाय पहिल्याच तारेला पडली असती आणि आवाजाने जर्मन परत आले असते. पेक चिडला, म्हणाला मग तू जा पुढे. मी म्हटलं, जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. बाईंची विणायची लांब सुई झाडूच्या दांड्याला बांधली आणि पोटावर पडून निघालो. पण वाट सापडेल तशी खूणही करायला हवी. बाईंनी चुलीतली राख बादलीत भरली, घागरा कमरेला खोचला आणि माझ्या मागे येऊन आडव्या झाल्या. मी घरात जा म्हणून हात केला, तर दाराशी आणून निजवलेल्या अल्सीदने दबक्या आवाजात सांगितलं की त्या म्हणतायत तुला हात दोनच आहेत आणि दोन्ही कामात आहेत, उगाच मिजास करू नकोस.

मी सुई खुपसायचो, थांबायचो, वीतभर सरकायचो. त्या माझ्या मागे मूठमूठ राख टाकायच्या. तार लागली की वळसा, आणि वळशाला दोन मुठी. मी आपल्या घरच्या भाषेत पुटपुटत होतो, त्या त्यांच्या भाषेत प्रार्थना करत होत्या. कुणालाच दुसऱ्याचं कळत नव्हतं आणि दोघंही थांबत नव्हतो. एकदा सुई काढताना एका तारेवरचा बर्फ सुटला आणि ती तार माझ्या नाकासमोर थरथरली. बाईंनी माझा घोटा घट्ट धरला, तार शांत होईपर्यंत सोडला नाही. तोच डावा.

जंगलाच्या कडेला पोचलो. तिथून गाव जवळ होतं, त्या सुटल्या होत्या. मी हातांनी सांगितलं, जा. त्यांनी मी वेडा असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं, दूध काढायची खूण केली, आणि रिकामी बादली घेऊन त्याच राखेवरून परत निघाल्या.

मीही त्यांच्या मागोमाग परतलो, आणि अल्सीदला आम्ही घराच्या एका उखडलेल्या दारावर बांधलं. डूली आणि पेक पुढे, मी मागे. अर्ध्या वाटेत पुन्हा बर्फ सुरू झाला आणि राख पुसट होत चालली. शेवटच्या उतारावर दार घसरलं आणि अल्सीद वाटेबाहेर जायला लागला. मी आडवा पाय लावला. राखेपासून हाताच्या अंतरावर.

आवाज मला आठवत नाही. अल्सीद फ्रेंचमध्ये माझ्या आईबापांचा उद्धार करत होता, म्हणून कळलं की तो आहे, आणि मला ऐकू येतंय म्हणजे मीही आहे. पोरांनी आम्हा दोघांना ओढलं. जंगलात आपल्याच गस्तीने आमच्यावर बंदुका रोखल्या. पेकने त्यांना अशी शिवी हासडली की त्यांची खात्री पटली. अल्सीद आता पलीकडच्या वॉर्डात कॉफीला नावं ठेवतो.

बाई आल्या नाहीत. त्या कुरणात अजून सगळं तसंच आहे.

ताई, हे पत्र येईल तोवर तू मार्क्वेटला जायच्या तयारीत असशील. माझ्या पायाचं निमित्त करून थांबलीस, तर मी घरी येणार नाही. इथेच कुठेतरी एका पायावर उभा राहीन.

आजवर दिलीत तेवढीच माया पुढेही पुरवा.

तुमचा,
रेनो


कॅल्युमेट
४ मार्च १९४५

चि. रेनो यास बाबांचे आशीर्वाद.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. हिल्जा नाही, म्हणून मला लिहावं लागतंय.

आधी दुसरी तार आली, जखमी म्हणून. मग तुझं पत्र. हिल्जाने ते मोठ्याने वाचलं. पायाचं वाक्य वाचलं, थांबली, बाकीचं शेवटपर्यंत वाचलं. मग उठली आणि खालची खोली झाडायला लागली. म्हणाली, ठरलं आता, मला दोघांचं करायचंय. मी म्हटलं, काही ठरलेलं नाही. तेव्हा मला कळलं की तिने शाळेला आधीच नाही म्हणून कळवलंय. तुला माहीत होतं का?

मी लेम्पीकडे जाऊन शाळेला टेलिफोन केला. सगळ्यांची तार एकच, त्यामुळे अर्धी गल्ली कान लावून असते, असू दे. तिकडच्या मोठ्या नर्सबाई म्हणाल्या की एक पोरगी गळाली आहे, जागा आहे. मी म्हटलं, नकार मूर्खपणाने लिहिला होता, ती येते आहे.

घरात महायुद्ध झालं. हिल्जा म्हणाली, तुम्हा दोघांचं कोण करणार? मी म्हटलं, त्याचे दोन हात आणि एक पाय, माझे दोन पाय आणि अर्धी छाती, जोडकाम मी जन्मभर केलंय. ती म्हणाली, बाबा, तुम्ही मराल. मी म्हटलं, ते तू इथे असलीस तरी होणारच आहे. मग ती रडली. रागाने, दुःखाने नाही, मला फरक कळतो. चार दिवस माझ्याशी बोलली नाही, पण रोज जास्तीचे पाव भाजून ठेवत होती, त्यावरून ती जाणार हे मी ओळखलं.

तिची ट्रंक मी घसरगाडीवर घालून स्टेशनपर्यंत ओढली. ती घेऊ बघत होती, मी दिली नाही. विजेच्या प्रत्येक खांबाशी थांबलो. लोक बघत होते. गाडीत बसल्यावर ती खिडकीतून काहीतरी म्हणाली, काच बंद होती, ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

परत येताना श्वास अडला तो सुटेना. रिकाम्या घसरगाडीवर बसलो. लेम्पी आली आणि काय झालं म्हणाली. मी म्हटलं, देखावा बघतोय. समोर बर्फाचा ढीग होता.

घर मोठं वाटतं. लापशी करपते. स्वयंपाकघराची खिडकी बुजलीय, मी उपसत नाही.

एक विचारायचंय. त्या बाईच्या कुरणात उरलेले सुरुंग कुणी काढले का? खाणीत आपण लावलेली सुरुंगाची दारू उडली नाही तर ती काढल्याशिवाय वर यायचं नसे. तुला जाता येणार नाही हे मला समजतं. पण कुणाला तरी सांग. सांगत राहा.

जपून ये. माझ्यासाठी घाई नको, मी आहे.

बाबा


लष्करी इस्पितळ, बॅटल क्रीक, मिशिगन
२४ जून १९४५

ती. हिल्जाताईस, सा. न. वि. वि.

तू येऊन गेल्यापासून वॉर्डात मला मान राहिला नाही. तू माझं बँडेज सोडून पुन्हा बांधलंस आणि इथल्या नर्सला कसं बांधायचं ते सांगितलंस, हे सगळे अजून नक्कल करून दाखवतात. चार महिने शिकलेली विद्यार्थिनी म्हणे! राखाडी टोपी मात्र शोभते.

नवा पाय लाकडाचा आहे. बाबांना कळवलं, तर कुठलं लाकूड म्हणून उलट टपाली विचारणा. त्यांच्या ओळी हल्ली छोट्या होत चालल्या आहेत, मधे मधे पेन टेकवून थांबल्याचे डाग पडतात. मी पुढच्या महिन्यात घरी जातोय. तू इकडे तिकडे बघायचं नाहीस, शिकायचं. त्या खालच्या खोलीत एकदा शिरलो की बाहेर कसं पडायचं ते मला अजून सुचलेलं नाही, पण ते माझं मी बघीन. इथल्या गुळगुळीत फरशीवर चालतानासुद्धा मी काठी आधी टेकवतो, दाबतो, आणि मगच पाऊल उचलतो. शिकवणारा सार्जंट ओरडतो की अरे, खाली काही नाही. मला माहीत आहे खाली काही नाही.

कुरणाबद्दल मी हिवाळ्यापासून लिहीत होतो. कॅप्टनचं उत्तर आलं की पलटण जर्मनीत ऱ्हाईन नदीपलीकडे आहे, मागचं मागचे लोक बघतील. मागच्यांना लिहिलं, त्यांनी दुसऱ्या कचेरीला लिहायला सांगितलं. गेल्या आठवड्यात पलटणीचा युद्धातला इतिहास छापून प्रत्येकाला आला, माझीही प्रत आली. सगळे पूल आहेत, लांबीसकट. आमच्या शेताला दीड ओळ आहे. अडथळा उभारला आणि शत्रूला विलंब झाला. लेफ्टनंट विन्स्लोंचं नाव शेवटच्या पानावर आहे. बाईंचं नाव कुठेच नाही.

आणि काल अल्सीदचं पत्र आलं. तो बरा होऊन तिकडेच मागच्या कामांवर आहे. त्याने माझ्या पत्रांचा गठ्ठा एका मेजरच्या टेबलावर आपटला म्हणे, आणि फ्रेंच येणारा एकच सुरुंगवाला हाताशी म्हणून त्यालाच तुकडीबरोबर पाठवलं. आठवडाभर लागला. सगळे निघाले. शेवटी तुकडीने दोरी धरून कुरण आडवं-उभं चालून दाखवलं, आणि अल्सीदने बाईंना सांगितलं की झालं, मोकळं आहे.

मार्कीझला सोडलं. सरदारीण फाटकातून थेट कुरणात गेली, लोळली, आणि कुठेही चरत सुटली. जिथे राख पडली होती तिथे गवत जास्त हिरवं उगवलंय, आमची वाट वळणांसकट दिसते असं तो लिहितो. बाईंचा नवरा परतलेला नाही. संध्याकाळी त्या गाईला आणायला निघाल्या. गाय डाव्या बाजूला लांब होती, सरळ गेल्या असत्या तर शंभर पावलंही नव्हती. त्या हिरव्या पट्ट्यावरून गेल्या, वळणाला वळल्या, आणि मधेच थांबून तिला हाका मारत राहिल्या. अल्सीदने हात पुढे केला, म्हणाला, या माझ्याबरोबर, मी आत्ताच इथून चालून आलोय. त्या म्हणाल्या, तू जा, तुझं शेत नाहीये. गाय बऱ्याच वेळाने आली.

उत्तर सवडीने दे, पण दे. आपलं माणूस म्हणून मनात जागा असू दे.

तुझा,
रेनो